लायकी : एका शब्दाचा माग

'लायक उमेदवार मिळाला नाही.' राखीव जागेच्या मुलाखतीनंतर हा शेरा मारला जातो. एका महाविद्यालयात तो माझ्या वाट्याला आला, तेव्हापासून या शब्दाचा माग काढतो आहे.

लॅटिनमध्ये 'दिग्नुस' म्हणजे लायक. त्यावरून 'दिग्नितास' झाला. रोममध्ये ही दिग्नितास पद, घराणे आणि पराक्रम यांवर ठरे. गुलामाच्या वाट्याला ती नव्हती. इ. स. पू. 49 मध्ये सीझरने यादवी युद्ध पेटवले. आपली दिग्नितास आपल्याला प्राणाहून मोठी वाटते, असे तो स्वतःच सांगून गेला आहे. याच मुळापासून स्पॅनिशमध्ये 'दिग्नो', फ्रेंचमध्ये 'दीन्य', इंग्रजीत 'डिग्निटी' आली. पण इंग्रजीतला 'डिस्डेन' हा शब्दही त्याच मुळाचा. दुसऱ्याला लायक न मानणे, तुच्छ लेखणे, हा त्याचा अर्थ. मान आणि तिरस्कार एकाच घरात जन्मले!

आपल्याकडे 'लायक' अरबी-फारसीतून आला. 'पात्र' मात्र संस्कृत, आणि पात्र म्हणजे भांडे. दान घेण्यास जो योग्य तो धर्मशास्त्राच्या लेखी पात्र. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांना गावाबाहेर घालवून 'अपपात्र' करावे असे फर्मान आहे. ज्याचे भांडे इतरांनी वापरू नये, तो अपपात्र. माझ्या आजोबांची कपबशी गावच्या हॉटेलाबाहेर वळचणीला असे; ती त्यांनीच विसळून ठेवायची. मनूचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण त्याचा अर्थ त्यांच्या हातात होता.

म्हणून कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून देऊन शाहू महाराज स्वतः तिथला चहा पीत आणि बरोबरच्यांना पाजत, ही मला केवळ दयाळूपणाची गोष्ट वाटत नाही. पात्रतेच्या मूळ अर्थावरच तो घाव होता.

महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी, ते विलायतेत असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. घोड्यांच्या चंदीची गोष्ट आपल्या सभांतून पुष्कळ सांगितली जाते. ती येथे सांगत नाही. मला त्या हुकुमातला युक्तिवाद मोलाचा वाटतो. शिक्षणाचे फळ सर्वांना वाटले जात नाही, म्हणून मागासलेला शिक्षणाकडे वळत नाही. आधी लायकी दाखवा, मग जागा देऊ, हा क्रमच त्यांनी उलटा केला. पुढे 1917 साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षणही आणले.

संविधानाच्या उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आहे, आणि तिला पद वा घराण्याची अट नाही. कलम 335 मध्ये मात्र आपल्या हक्काच्या शेजारी प्रशासनाची कार्यक्षमता बसवली आहे. गुणांची अट शिथिल करण्याची मुभा त्या कलमात घालायला 2000 साल उजाडावे लागले.

माझ्या शेऱ्याखाली कारण लिहिलेले नव्हते. त्याच जागेची जाहिरात पुढच्या वर्षी पुन्हा निघाली; मी पुन्हा अर्ज केला.