भंडारा, गावजेवण, भोजनदान : नावे अनेक, पंगत कोणाची?

महाराष्ट्रात मुलूख बदलला की सामूहिक जेवणाचे नाव बदलते. पश्चिम महाराष्ट्रात गावजेवण किंवा जेवणावळ. तीर्थयात्रा करून आल्यावर घालतात ते मावंदे. नवसाचा बोकड कापून घातलेले जेवण म्हणजे कंदुरी. गोव्याच्या देवळात समाराधना. आमच्या वऱ्हाडात, भातकुलीपासून अकोल्यापर्यंत, भंडारा आणि पंगत. मारोतीचा नवस फेडायचा असेल तर रोडगे : गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. माणूस गेल्यावरचे जेवण तिकडे तेराव्याचे, इकडे तेरवीचे.

भाषेचे अभ्यासक याला मराठीचे वैभव म्हणतील. आम्हालाही या शब्दांचे प्रेम आहे, ते आमच्या आयाबायांच्या तोंडचे आहेत. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. या नावांवरून जेवण कशासाठी घातले ते कळते, देव कोणता ते कळते. कोण कुठे बसले आणि कोणाला बसूच दिले नाही, हे यातल्या कोणत्या शब्दावरून कळते? चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, सगळ्या घराने जेवायला यायचे. मग गावकुसाबाहेरच्या चुली गावाने कधी मोजल्या होत्या का?

मुलूख बदलला तरी एक शब्द मात्र बदलला नाही. तो म्हणजे उष्टे. पंगत उठल्यावर पत्रावळीवर उरलेले, गावकीच्या कामाबद्दल दारोदार फिरून मागितलेली शिळी भाकर, हे महाराच्या आणि मांगाच्या वाट्याला आले. वऱ्हाडात काय, देशावर काय, कोकणात काय, हा शब्द सगळीकडे एकच.

त्याच वेळी वरच्या दिशेने जाणाऱ्या गोष्टीला वेगळे नाव होते : दान. भातकुली हेच प्राचीन भोजकट, असे इथली लोकपरंपरा मानते. या भोजकट राज्याचा उल्लेख अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या ताम्रपटात आहे. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. दानाची नोंद तांब्यावर कोरली गेली. उष्ट्याची नोंद कोणी कुठे कोरली? दान वर चढले, उष्टे खाली उतरले, आणि या दोहोंना मिळून आपण संस्कृती म्हणत आलो.

ही व्यवस्था नाकारली ती महाडने. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडा, असे बजावले. पाण्याचा सत्याग्रह सगळ्यांना आठवतो, पण पुढचे आठवावे. चवदार तळ्याचे पाणी पिऊन आलेल्या प्रतिनिधींवर सनातन्यांनी मंडपात घुसून हल्ला केला आणि त्यांच्या अन्नात माती कालवली. ज्यांनी उष्टे नाकारले त्यांना स्वतःचे ताजे अन्नही सुखाने खाऊ दिले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. पुढे डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षपदावरून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. म्हणजे पाणी, मंदिर आणि ताट ही लढाई वऱ्हाडातही लढली गेली.

याच काळात एक नवा शब्द रुजला : सहभोजन. समाज समता संघाने सहभोजने घडवली. त्याआधी १९१७ मध्ये केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी ईळवा आणि पुलया यांना एकत्र जेवायला बसवले, तिथला शब्द मिश्रभोजन. या शब्दांचे मोल मोठे आहे. जुन्या नावांत न सापडणारी गोष्ट, म्हणजे कोण कोणासोबत बसले, ती या शब्दांच्या पोटातच आहे. तरीही १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट बजावले की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला पाहिजे. एक दिवस पंगतीला बसवून वर्षभर वेगळे ठेवणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.

भातकुली तालुक्यातच पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. परीट समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी तिथल्या यात्रेत अंध-अपंगांना अन्नदान सुरू केले. शब्द जुनाच, अन्नदान. पण दानाची दिशा त्यांनी उलटी केली. जे पोटभरल्यांकडे जात होते ते उपाशी माणसाकडे वळवले.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांत भोजनदान आणि खीरदान हे शब्द घरोघरी झाले. बुद्ध पौर्णिमेला खीर, १४ एप्रिलला आणि दीक्षाभूमीवर भोजनदान. काल ज्यांना उष्टे मिळत होते ते आज हजारोंना ताजे अन्न वाढतात, जात विचारत नाहीत. ही क्रांती आहे. पण आम्ही आपल्याच लोकांनाही सांगू : वाढणाऱ्याचे नाव बॅनरवर मोठे आणि जेवणारा धुळीत रांगेत उभा, असे झाले तर ते भोजनदानही जुन्या दानाच्या वाटेने जाईल.

म्हणून यापुढे भंडारा असो, गावजेवण असो की भोजनदान, नावावर जाऊ नका. चार प्रश्न विचारा. अन्न कोणी शिजवले? वाढपी कोण? पहिल्या पंगतीला कोण बसले? आणि पत्रावळी कोणी उचलल्या? बौद्ध वस्तीतल्या बाईने शिजवलेला भात ज्या गावात सगळे मुकाट्याने जेवतात, त्या गावाच्या जेवणाला कोणतेही नाव द्या, ते आम्हाला मान्य आहे.

जय भीम!