मटाटा म्हणजे गुंता

‘हकूना मटाटा’ हे दोन शब्द ऐकले नाहीत असं मूल आता शोधावं लागेल. १९९४ साली डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला आणि पूर्व आफ्रिकेतलं हे स्वाहिली वाक्य जगभर पोहोचलं. अर्थ सगळ्यांना पाठ: चिंता नको, मजेत राहा. डिस्नेने तर २००३ मध्ये अमेरिकेत हे शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवूनही घेतले.

शब्द थोडे उकलून पाहिले तर मात्र वेगळंच काही हाती लागतं. ‘हकूना’ म्हणजे ‘इथे नाही’. ‘मटाटा’ हे अनेकवचन. त्यातला ‘टाटा’ म्हणजे गुंता (आपल्या ट्रकवाल्या टाटांशी संबंध नाही). थोडक्यात, ‘इथे गुंते नाहीत’. ‘चिंता नको’ हा सल्ला झाला. ‘इथे गुंता नाही’ हा मात्र परिस्थितीचा अहवाल आहे. सल्ला पटेल किंवा पटणार नाही, अहवाल मात्र खरा असतो किंवा खोटा. माझ्या मते या वाक्याचा लपलेला अर्थ इथे आहे.

चित्रपटात हा अहवाल खोटाच आहे. वडिलांचा मृत्यू आपल्यामुळे झाला असं समजून सिंबा पळून जातो. टिमॉन आणि पुंबा त्याला हे वाक्य देतात, आणि तो त्यावर मोठा होतो. तिकडे काकाच्या राजवटीत राज्य उजाड होत असतं. शेवटी रफीकी डोक्यात काठी घालून त्याला भूतकाळाकडे वळवतो, तेव्हा कुठे सिंबा परततो. म्हणजे चित्रपटच आपलं सर्वांत गाजलेलं वाक्य खोडून काढतो. टी-शर्टवर तेवढं छापलं जात नाही.

स्वाहिली आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ‘सवाहिल’ म्हणजे अरबीत किनारे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या बांटू भाषेत हिंदी महासागराच्या व्यापाराने शब्द ओतले. हिशेबाला ‘हेसाबु’, हवेला ‘हेवा’, साबणाला ‘साबुनी’, तर आपल्या बाजूने गेलेले ‘पेसा’, ‘गारी’ आणि ‘लाकी’ म्हणजे पैसा, गाडी आणि लाख. सैनिकाला म्हणतात ‘अस्कारी’. तो आपल्या ‘लष्कर’चा जवळचा नातेवाईक. हस्तिदंत आणि गुलामांच्या तांड्यांनी ही भाषा आत काँगोपर्यंत नेली, आणि वसाहतींच्या फौजांनी ती आणखी पसरवली.

‘काही होणार नाही’ या आश्वासनाची किंमत या भाषेच्या मुलखाने वारंवार मोजली आहे. १९०५ साली जर्मन पूर्व आफ्रिकेत किंजिकिटिले नावाच्या मांत्रिकाने लोकांना मंतरलेलं पाणी दिलं आणि सांगितलं की जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल. पाण्याला स्वाहिलीत ‘माजी’ म्हणतात, म्हणून त्या उठावाचं नाव माजी-माजी. लोक मशीनगनवर चालून गेले. लढाईत आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात मेलेल्यांचे काही अंदाज लाखांत जातात.

फक्त मांत्रिकच असं बोलतात असं नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये मेजर जनरल एटकेन सुमारे आठ हजारांची भारतीय फौज घेऊन मुंबईहून टांगा बंदर जिंकायला निघाले. जुन्या मुंबई सैन्याची १०१ ग्रेनेडियर्स त्यात होती. समोर लेटो-फोरबेकचे जेमतेम हजारभर लोक, बहुतेक अस्कारी. हे काय टिकणार, असं एटकेन यांनी गृहीत धरलं. ‘फॉक्स’ या युद्धनौकेने आधी बंदरात जाऊन शरणागती मागितली, म्हणजे शत्रूला वर्दी दिली. पुरेशी रेकी झाली नाही. बोटीवर आंबून गेलेल्या जवानांना उतरल्या उतरल्या अनोळखी झाडीत घातलं. काश्मीर रायफल्ससारख्या पलटणी शहरात शिरल्या, तरी ५ नोव्हेंबरला सगळ्यांना परत जहाजावर चढावं लागलं. आठशेहून अधिक हताहत, आणि किनाऱ्यावर सोडलेल्या १६ मशीनगन व सहा लाख काडतुसं. चवताळलेल्या मधमाश्यांची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. पण टांगा मधमाश्यांमुळे गेलं नाही, ते ‘गुंता नाही’ या गृहीतकामुळे गेलं. त्या मोहिमेत चार वर्षं ओझी वाहून मेलेले आफ्रिकन हमाल लाखाच्या घरात आहेत. दारेसलामची करियाकू बाजारपेठ ‘कॅरियर कोअर’ या त्यांच्या दलाचं नाव अजून बाळगून आहे.

‘सिंबा’ या नावालाही इतिहास आहे. १९६४ साली पूर्व काँगोतल्या बंडखोरांनी हेच नाव घेतलं होतं. त्यांच्या पोरसवदा लढवय्यांनाही सांगितलं होतं की गोळ्यांचं पाणी होईल. साठ वर्षांनंतर तोच खोटा अहवाल.

त्याच काँगोत तीन वर्षं आधी, ५ डिसेंबर १९६१ रोजी, एलिझाबेथव्हिलमध्ये ३/१ गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया रस्ता रोखून बसलेल्या कटांगी सैनिकांसमोर उभे होते. यांच्याकडे १६ गोरखे. त्यांच्याकडे सुमारे ९० माणसं आणि दोन चिलखती गाड्या. गुंता समोर दिसत होता आणि त्यांनी तो नाकारला नाही. आधी रॉकेट लाँचरने गाड्या गप्प केल्या, मग संगीन आणि खुकरी. मानेला गोळी लागूनही ते लढत राहिले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या माजी छात्रांमधले ते पहिले परमवीर. खडकवासल्याला शिकलेल्या आम्हा प्रत्येकाला ही कथा माहीत असते, पण ती स्वाहिली मुलखात घडली हे सहसा कोणी सांगत नाही.

मी नॉर्थ किवूमध्ये शांतिसेनेत होतो तेव्हा तिथे हे वाक्य प्रश्न म्हणूनच जास्त ऐकलं. गस्त गावात शिरली की आमचा दुभाषा मुखियाला विचारायचा, मटाटा आहे का? उत्तर झटकन यायचं: हकूना. दुभाषा मान डोलवायचा आणि मग इकडेतिकडे बघायचा. बाजाराचा दिवस असून बाजार भरलेला नाही, बायका शेतावर गेलेल्या नाहीत, बकऱ्या घरामागे बांधलेल्या आहेत. तो हळूच म्हणायचा, साहेब, आज इथे थांबू या. भीतीने दिलेलं ‘हकूना’ त्याला ऐकू यायचं. मुखिया खोटारडा नव्हता. आम्ही निघून गेल्यावर रात्री कोण येणार हे त्याला माहीत होतं.

आपल्याकडे याच वाक्याचं नाव ‘सब ठीक है’. रोज संध्याकाळी प्रत्येक चौकीवरून ते वर जातं आणि बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणूनच ते तपासण्याची सवय सुटते. निवृत्त मंडळींपैकी प्रत्येकाला एखादी तरी रात्र आठवेल, जेव्हा कागदावर सब ठीक होतं. नवीन अधिकारी माझ्या युनिटमध्ये आला की मी त्याला एवढंच सांगतो: ‘ऑल ओके’ ऐकलंस की तीन गोष्टी विचार. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठून पाहिलं. तिन्हींची उत्तरं मिळाली की मग खुशाल म्हण, हकूना मटाटा.