पाठीवरच्या लाल रेघा : ग्वा शाची खरी गोष्ट

ग्वा शा म्हटलं की रील्समधला तो गुळगुळीत हिरवा दगड आणि चमकणारे गाल आठवतात ना? मलाही तेच आठवायचं. पण या एपिसोडसाठी वाचायला बसलो आणि कळलं, की मूळ गोष्ट चेहऱ्याची नाहीच. ती आहे सर्दी-तापाने आंबलेल्या पाठीची.

चिनी भाषेत 'ग्वा' म्हणजे खरवडणं. 'शा' म्हणजे त्यामुळे कातडीवर उठणारे लाल ठिपके. आणि ज्या दुखण्यात ते उठतात, त्याचंही नाव शाच. चौदाव्या शतकात वेई यिलिन या वैद्याने त्यावर ओल्या वाखाने अंग घासायचा उपाय लिहिला. १६७५ मध्ये गुओ झिसुईने तर शावर अख्खा ग्रंथच लिहिला. घरोघरी मात्र लागायचं इतकंच: थोडं तेल आणि चिनीमातीचा चमचा किंवा तांब्याचं नाणं.

व्हिएतनाममध्ये याला म्हणतात 'वारा खरवडणं'. इंडोनेशियातही अंगात वारा शिरला की नाण्याने पाठ घासतात.

आता गोष्ट गंभीर होते. १९७५ मध्ये सायगाव पडलं आणि लाखाहून जास्त व्हिएतनामी लोक अमेरिकेत आले. त्यांच्या मुलांच्या पाठीवरचे वळ पाहून तिथल्या डॉक्टरांना वाटलं, आईबाप मारतात! पुढच्याच वर्षी बालरोगाच्या एका नियतकालिकात खुलासा छापून आला, की ही मारहाण नाही, घरगुती उपचार आहे. तरी गैरसमज सरला नाही. २००१ चा 'ग्वा शा' हा चिनी सिनेमा याच विषयावर आहे. सेंट लुईसमध्ये आजोबा नातवाची पाठ खरवडतात आणि मुलगा आईबापांपासून तुटायची वेळ येते.

मग सर्दी बरी होते का? घासल्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, तिथलं रक्ताभिसरण वाढतं, आखडलेल्या मानेला थोडा वेळ आराम वाटू शकतो. पण सर्दीचा विषाणू त्याने मरत नाही. सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर या वाटेला जाऊच नका.

मला राहून राहून ती आई आठवते. रात्री जागून तिने लेकराची पाठ घासली, आणि सकाळी तेच वळ तिच्याविरुद्ध पुरावा ठरले. कुणीतरी आधी तिला नुसतं विचारायला हवं होतं, एवढंच.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!