रोग्यास दूर ठेवताना

साथीचा रोग आला की मनुष्य मनुष्यापासून दूर सरतो. औषध ज्ञात नसते तेव्हा हाच एक उपाय हाती उरतो, आणि तो खोटा नव्हे. परंतु दूर कोणास ठेवावयाचे, आणि दूर ठेवलेल्याच्या अन्नपाण्याची व मानाची काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्नही त्या उपायाबरोबरच जन्मास येतो. लंडन शहरातील कॅमडेन या भागाचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

हॅम्पस्टेड, होबर्न व सेंट पँक्रस हे तीन नगरविभाग एकत्र करून 1965 मध्ये कॅमडेनची रचना झाली. त्याच्या दक्षिण टोकास सेंट जाइल्स ही गोरगरिबांची जुनी, दाट वस्ती होती. 1665 च्या प्लेगने लंडनमध्ये प्रथम जोर धरला तो येथेच. ज्या घरात रोगी सापडे ते घर, आतील निरोगी माणसांसकट, चाळीस दिवस बंद केले जाई. दारावर तांबडा क्रूस रंगवीत व बाहेर पहारेकरी ठेवीत. त्या वर्षी एप्रिलमध्ये सेंट जाइल्सच्या लोकांनी दंगा करून असे एक घर उघडले व आतील माणसांस मोकळे केले. या कृत्याने साथीस वाट मिळाली असेल. तथापि रोग्याबरोबर कोंडले जाणे म्हणजे मरणाची वाट पाहणे, हे त्या लोकांस दिसत होते. पुढे राजा दुसरा चार्ल्स व धनिक लोक शहर सोडून गेले. अंतर पाळण्याचा भार गरिबांवर पडला, आणि सेंट जाइल्समध्ये वर्षभरात तीन हजारांहून अधिक माणसे प्लेगने मृत्यू पावली.

दोन शतके लोटली तरी हा दोष गेला नव्हता. मॉरिशसमध्ये त्याची आठवण अद्याप बुजलेली नाही. जानेवारी 1856 मध्ये कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन ‘हैदरी’ व ‘फत्ते मुबारक’ ही जहाजे तेथे आली. जहाजांवर पटकीचा संशय असल्यामुळे मजुरांस गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. पुरेसा निवारा नाही, पुरेशी शुश्रूषा नाही, अशा स्थितीत अडीचशेहून अधिक जीव तेथे गेले. मुख्य बेटाचे रक्षण व्हावे हा हेतू अयोग्य नव्हता. परंतु ज्यांस दूर ठेवले त्यांचा विचार त्यात नव्हता. या प्रकरणानंतर हिंदुस्थान सरकारने मॉरिशसकडील मजुरांची रवानगी काही काळ थांबविली.

कॅमडेनमध्ये हा प्रश्न 1870 मध्ये पुन्हा उभा राहिला. हॅम्पस्टेड येथे गरीब रोग्यांसाठी देवीचे रुग्णालय उघडले. शेजारच्या प्रतिष्ठितांनी त्यास कडाडून विरोध केला. त्यांत टपालसुधारक सर रोलंड हिल अग्रभागी होते. 1879 मध्ये ते वारले, परंतु खटला चालूच राहिला. आणि 1881 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे 1884 पासून देवीचे रोगी थेम्स नदीत लाँग रीच येथे नांगरलेल्या जहाजांवर नेण्यात येऊ लागले. म्हणजे येथेही रोगी दूरच गेला. मात्र त्याच्याबरोबर डॉक्टर, परिचारिका व स्वयंपाकघरही गेले. गॅब्रिएल बेटावर याचीच उणीव होती.

याहून मोठा बदल कायद्याने घडविला. पूर्वी अशा रुग्णालयात जाणारा मनुष्य सरकारी भिक्षेवर जगणारा ठरे. त्या लाजेने लोक रोग लपवीत. 1883 च्या कायद्याने तो कलंक पुसला, आणि 1891 च्या कायद्याने रुग्णालयाचे दार सर्वांस विनामूल्य उघडले. मानहानीचे भय उरले नाही, तेव्हा रोग लपविण्याचे कारणही उरले नाही.

हॅम्पस्टेडच्या त्याच जागेवर 1974 मध्ये रॉयल फ्री रुग्णालयाची नवी इमारत सुरू झाली. 2014 मध्ये इबोलाचा रुग्ण तेथील विलगीकरण कक्षात बरा झाला. 2020 च्या करोना साथीत ब्रिटनमध्ये घरी राहण्याची आज्ञा निघाली, तेव्हा काम थांबलेल्या पुष्कळ नोकरदारांस वेतनाचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग सरकारने दिला. सेंट जाइल्सच्या कोंडलेल्या घरापासून येथवर यावयास साडेतीनशे वर्षे लागली.

अंतर राखणे हे समाजाचे संरक्षण होय. पण ज्यास दूर बसविले त्याचे ताट, अंथरूण आणि मान यांची जबाबदारी जवळ राहिलेल्यांवर असते. ती पाळली तर त्यास उपचार म्हणावे. न पाळली तर तो बहिष्कार होय.