पाठभेदांच्या भांडाराचे दार

पाठचिकित्सा ही केवळ जुन्या पोथ्यांची विद्या आहे, असा समज आपल्या मराठी विभागांत रूढ आहे. तो एकदा तपासून पाहायला हवा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. सी. सुकथनकर १९२५ मध्ये तिचे प्रमुख संपादक झाले; अठरा पर्वांचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. संपादकांनी नाकारलेले पाठ टाकून दिले नाहीत, तर तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. संपादकाचा निर्णय वाचकालाही पारखता यावा, हे त्यामागील तत्त्व होय.

पुढे हाच प्रश्न संगणकाच्या प्रोग्रामांबाबत उभा राहिला. एकाच संहितेवर अनेक हात फिरू लागले, तेव्हा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणाली आल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेली 'गिट' ही त्यांतलीच. परंतु हे भांडार आज्ञावली जाणणाऱ्यालाच उघडे होते. त्याच वर्षी के सीव्हर्स यांनी 'गिटवेब' लिहिले. ते सर्व्हरवर बसवून भांडाराची जागा दाखवून दिली, की ब्राउझरमध्ये बदलाची तारीख, बदल करणाऱ्याचे नाव, गेलेली ओळ व आलेली ओळ असे सारे दिसू लागते. पाहणाऱ्याला तेथे वाचता येते, खाडाखोड करता येत नाही.

मराठी वाचकाला असे दार विकिपीडियावर सहज सापडते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावरील 'तासगाव' या लेखाचा 'इतिहास' उघडला, की पुढे येतो तो गावाचा नव्हे, तर लेखाचा इतिहास: कोणते वाक्य केव्हा आले, केव्हा गेले. तासगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पाठभेदाचा पहिला धडा घेण्यासाठी पुण्याला जावे लागत नाही.

अर्थात, यंत्र बदल दाखवते; त्याचे मोल ठरवत नाही. 'भाषा सुधारली' एवढ्याच नोंदीआड एखादे मत पुसलेले असू शकते. ते ओळखणे हे आपल्या विद्येचे काम आहे.

आणखी एक चिंता उरते. आजचे लेखक संगणकावर लिहितात आणि जुन्या खर्ड्यावरच नवा खर्डा साठवतात. एकेका पाठासाठी सुकथनकरांपुढे अनेक हस्तलिखिते तरी होती; आजच्या कादंबरीच्या उद्याच्या संपादकापुढे बहुधा एकच, शेवटची प्रत असेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्या खर्ड्यांची घेतलेली ही काळजी साहित्यिकांनी का घेऊ नये?