रबाब पुन्हा मांडीवर

भाई मर्दाना तळवंडीचे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या ननकाना साहिबचे. धर्माने मुसलमान, जातीने मिरासी. यजमानाच्या घरी लग्नकार्यात गाणंबजावणं करायचं, त्याच्या वाडवडिलांची नावं म्हणून दाखवायची आणि मिळेल त्या दाण्यागोट्यावर घर चालवायचं, हा मिराशांचा पिढीजात व्यवसाय. गावच्या पटवाऱ्याचा मुलगा नानक, म्हणजे पुढचे गुरू नानक, त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. या दोघांची जोडी जमली आणि शीख कीर्तनाची वंशावळ तिथून सुरू झाली. मराठी वाचकाने इथे आपलं वारकरी किंवा नारदीय कीर्तन डोळ्यांसमोर आणू नये. या कीर्तनात निरूपण नाही, आख्यान नाही. गुरूंची बाणी रागात बसवून गायची, एवढंच.

जनमसाख्या, म्हणजे नानकांच्या जुन्या चरित्रकथा, एका रबाबाची हकिकत सांगतात. नानक सुलतानपूर लोधीला मोदीखान्यात, म्हणजे सरकारी कोठारात, चाकरीला होते, तेव्हाची ही गोष्ट. मर्दानांसाठी चांगलं वाद्य हवं होतं. नानकांची थोरली बहीण बेबे नानकी हिने पैसे दिले आणि भरोआणा गावच्या भाई फिरंदांकडून रबाब आणला गेला. पुढे दोघं वर्षानुवर्षं चालत राहिले. बाणी स्फुरू लागली की नानक मर्दानांना रबाब छेडायला सांगत आणि मग गाऊ लागत. आधी तार, मग शब्द, हा क्रम तेव्हापासूनचा.

तो रबाब कसा होता? अफगाणी गाण्यांत आज दिसतो तो काबुली रबाब वेगळा. त्याला गळ्यापाशी पडदे असतात आणि खाली तरफेच्या तारा. मर्दानांच्या परंपरेतला, ज्याला आता धृपदी किंवा फिरंदिया रबाब म्हणतात, तो आकाराने मोठा. अखंड लाकूड कोरून केलेलं पोट, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, वर तातीच्या तारा. पडदा एकही नाही. उजव्या हातात लाकडी जवा धरून आघात करायचा आणि डाव्या बोटाने जागा शोधायची. जागा चुकली की झाकायला काही नसतं. आवाज खर्जातला, जाड आणि लवकर विरणारा, त्यामुळे गाणाऱ्याच्या शब्दाला मध्ये भरपूर मोकळी जागा मिळते.

मर्दानांच्या पश्चात त्यांचा मुलगा शाहजादा रबाब वाजवत राहिला, असं परंपरा सांगते. मग गुरुघरी गाणाऱ्या अशा मुसलमान घराण्यांना रबाबी हेच नाव पडलं. त्यातले बलवंड आणि सत्ता पाचवे गुरू अर्जनदेव यांच्या दरबारात होते. घरात लग्न निघालं, खर्चासाठी एका दिवसाचं दान मागितलं, ते अपेक्षेपेक्षा कमी भरलं. दोघे रुसले, आमच्यावाचून तुमचा दरबार कसा भरतो ते बघू, असं म्हणत घरी बसले. मनधरणी करायला गेलेल्या गुरूंपुढे त्यांनी गुरू नानकांबद्दलच उणा शब्द काढला, तेव्हा मात्र अर्जनदेव उठले. त्यांनी संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, सांगितलं, आता तुम्हीच गा. स्वतः सरंदा हे गजाने वाजवायचं वाद्य घेऊन बसले, असं सांगतात. पुढे लाहोरच्या भाई लद्धांनी मध्यस्थी केली. रबाब्यांची बाजू मांडणाऱ्याची गाढवावरून धिंड निघेल, असं गुरू म्हणाले होते, म्हणून लद्धांनी आपणच तोंडाला काळं फासून तशी धिंड काढून घेतली आणि दोघांना माफी मिळवून दिली. या दोन रबाब्यांनी रचलेली वार, म्हणजे स्तुतिकाव्य, राग रामकलीत आजही गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे.

या प्रसंगाचं महत्त्व मोठं आहे. गाणं हे एका जातीचं काम होतं, ते त्या दिवशी सगळ्या संगतीचं झालं. हौसेने शिकणारे शीख रागी इथून पुढे आले. रबाबी मात्र दूर झाले नाहीत. रागी आणि रबाबी पुढची साडेतीनशे वर्षं एकाच दरबारात आपापल्या पाळीला गात राहिले.

अर्जनदेवांनीच १६०४ साली आदि ग्रंथ, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथ साहिबचं मूळ रूप, सिद्ध केला आणि त्याची रचना विषयवार न करता रागवार केली. सुरुवातीची नित्यपाठाची बाणी आणि शेवटचे श्लोक सोडले तर आजच्या १४३० पानांपैकी बहुतेक पानं ३१ रागांत विभागलेली आहेत. प्रत्येक शबदाच्या, म्हणजे पदाच्या, माथ्यावर एक ओळ असते. राग कोणता, बाणी कोणत्या गुरूंची आणि बऱ्याच ठिकाणी ‘घर’ कितवं. हे घर तालाशी किंवा गायनाच्या ढंगाशी जोडलेलं आहे असं मानतात आणि त्याच्या अर्थावर जाणकारांचा वाद अजून चालू आहे. मध्ये ‘रहाउ’ अशी खूण असलेली ओळ येते, ते ध्रुवपद. म्हणजे वाचण्याइतकाच हा ग्रंथ गाण्याचा आहे आणि गायचं कसं ते त्यातच लिहून ठेवलेलं आहे. आपल्या नामदेवांची ६१ पदं त्यात आहेत, तीही आसा, भैरव, सारंग, मल्हार अशा रागांखाली. घुमानला २०१५ साली साहित्य संमेलन भरलं तेव्हा नामदेवांच्या पंजाबातल्या वास्तव्यावर भरपूर बोललं गेलं. त्यांची ही पदं तिथे कोणत्या रागात गातात, हेही मराठी माणसाने एकदा कान देऊन ऐकावं.

वाद्यांचा गोतावळा वाढत गेला. मोराच्या आकाराचा ताऊस सहावे गुरू हरगोबिंद यांच्या काळी आला आणि दहावे गुरू गोबिंदसिंग यांच्या वेळी घोड्यावर नेता यावा म्हणून तोच हलका करून दिलरुबा घडवला, असं परंपरा मानते. वाद्यांच्या इतिहासाचे अभ्यासक या दोघांचं आजचं रूप बरंच अलीकडचं समजतात. पखवाज दोन भागांत केल्यासारखी जोडी ठेक्याला आली. या सगळ्यांना मिळून तंती साज म्हणतात. जोडी तारेची नसली तरी नाव त्याच गोतात घेतलं जातं.

मग पेटी आली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताच्या भात्याची करून मांडी घालून बसणाऱ्याच्या सोयीची केली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती दरबार साहिबमध्ये, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात, पोचली. पंजाबात तिला वाजा म्हणतात. पेटीला आपण मराठी माणसं नावं ठेवू शकत नाही, आपलं नाट्यसंगीत तिच्यावर उभं आहे. शिखांचंही तिने फार काम केलं. गावोगाव गुरुद्वारे वाढत होते, कीर्तनी कमी होते. पेटी लवकर शिकता येते, सूर लावत बसावं लागत नाही, आवाज मोठा आणि गाणाराच वाजवणारा. साउथॉलपासून व्हँकुव्हरपर्यंत परदेशी गेलेल्या कुटुंबांनी गुरुद्वारे उभे केले तेव्हा पेटी आणि तबला एवढ्यावर कीर्तन सुरू झालं. तेवढंही नसतं तर ते बंदच पडलं असतं.

पण पेटीचा सूर पट्टीवर ठरलेला. मींड नाही, आंदोलन नाही. गौडीचे कितीतरी प्रकार ग्रंथात वेगवेगळे लिहिले आहेत, त्यांच्यातलं अंतर बहुतेक वेळा अशाच बारीक जागांमध्ये असतं. पट्ट्यांवर ते अंतर बुजलं. नंतर सोप्या चाली आल्या, त्यांच्यामागून सिनेमाच्या चाली आल्या आणि शबदाच्या माथ्यावरची ती ओळ नुसती छापलेली राहिली.

याहून खोल घाव फाळणीने घातला. रबाबी मुसलमान होते, ते १९४७ला लाहोरकडे गेले. त्याआधी दोन वर्षं, १९४५ साली, मान्य झालेल्या शीख रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, संगतीत कीर्तन फक्त शिखाने करावं असं कलम होतं, त्यामुळे परतीची वाट उरली नाही. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दरबार साहिबमध्ये गायलं, त्या घराण्यातले भाई गुलाम मुहम्मद चांद लाहोरात राहिले. त्यांच्याकडच्या जुन्या चाली ऐकायला लोकांनी सीमा ओलांडायला फार उशीर केला, असं मला वाटतं.

धागा पुरता तुटला नाही याचं श्रेय मोजक्या घरांना आहे. भाई ज्वालासिंगांचे मुलगे भाई अवतारसिंग आणि भाई गुरचरणसिंग यांनी घराण्यात चालत आलेल्या जवळपास पाचशे चाली स्वरलिपीत उतरवल्या. ‘गुरबाणी संगीत प्राचीन रीत रत्नावली’ या नावाने त्यांचे दोन खंड पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९७९ साली छापले. भैणी साहिबला नामधारी पंथाचे सत्‌गुरू जगजीतसिंग, जे स्वतः दिलरुबा वाजवत, मुलांना साजावर बसवत राहिले. लुधियानाजवळच्या जवद्दीला १९९१ साली संत सुच्चासिंगांनी रागी बोलावून ३१ रागांतल्या कीर्तनाचं संमेलन भरवलं. आणि भाई ज्वालासिंगांच्याच कुळातले भाई बलदीपसिंग तरुणपणी ग्यानी हरभजनसिंग मिस्त्री या वृद्ध कारागिराकडे वाद्यं घडवायला शिकले. फिरंदिया रबाब त्यातून पुन्हा बनू लागला.

आता ही वाद्यं ज्यांच्या हातात आहेत ती मुलं बर्मिंगहॅमची, टोरंटोची, कॅलिफोर्नियाची आणि अर्थातच अमृतसर-लुधियानाचीही आहेत. परदेशातल्यांची घरी पंजाबी जेमतेम, गुरमुखी लिपी अडखळत. आजीआजोबांबरोबर गुरुद्वाऱ्यात बसायचं, लंगर जेवायचं, पण कानावर पडतं ते पोचत नाही, ही त्यांची खरी अडचण. अशा मुलाने दिलरुबा घेतला की पहिले काही महिने फक्त सा. वाद्याचा गळा डाव्या खांद्याला टेकवायचा, उजव्या हातातल्या गजाच्या केसांना राळ लावायची आणि डाव्या हाताची दोन बोटं बाजाच्या तारेवरून वरखाली सरकवायची. बोटांना काळे चरे पडतात. पडदे असूनही सूर गजाच्या दाबावर हलतो. ज्या क्षणी तो नेमका लागतो, त्या क्षणी न छेडलेल्या तरफेच्या तारा आपोआप बोलू लागतात. शिक्षकाने काही सांगायची गरज राहत नाही.

यानंतर पहिला शबद बसवायचा म्हणून शिक्षक पान उघडतात आणि विचारतात, राग कोणता लिहिलाय? माझ्या मते या सगळ्या पुनरुज्जीवनाचा गाभा या प्रश्नात आहे. ओळ वाचायला गुरमुखी लागते. राग कळला की त्याची वेळ विचारावी लागते, ऋतू विचारावा लागतो. बसंत माघी म्हणजे संक्रांतीपासून होला मोहल्ल्यापर्यंतच का, आसा पहाटे का. रहाउ कुठली ते शोधताना शबदाचा अर्थ हाती लागतो. प्रवचनांनी जे जमलं नव्हतं ते साजाने होतं, कारण इथे मूल ग्रंथाकडे गाण्याच्या कामासाठी जातं आणि ग्रंथ त्याला उत्तर देतो.

मे २०२२मध्ये अकाल तख्ताचे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचे, तेव्हाचे कार्यकारी जथेदार ग्यानी हरप्रीतसिंग यांनी दरबार साहिबमधून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पेटी काढावी आणि तंती साज आणावेत असं सुचवलं. त्यावर वाद झाला, बऱ्याच ज्येष्ठ राग्यांचं उभं आयुष्य पेटीवर गेलेलं आहे. हेतू मला मान्य आहे, पण मुदत घालून गळा आणि हात तयार होत नाहीत. मुलांकडून जे घडतंय ते त्या सूचनेच्या कितीतरी आधीपासून, आपखुशीने घडतंय. २०२४ साली ब्रिटनमध्ये कीर्तनाला आठ इयत्तांच्या संगीत परीक्षेत जागा मिळाली. पियानो-व्हायोलिनच्या परीक्षा देतात तशी आता दिलरुबा, ताऊस, इसराज, सारंगी आणि सरंदा यांवर कीर्तनाची परीक्षा देता येते. त्यामागे बर्मिंगहॅमच्या हरजिंदर लाली यांचे अनेक वर्षांचे कष्ट आहेत. न्यूयॉर्कजवळच्या हॉफ्स्ट्रा विद्यापीठातल्या शीख संगीताच्या अध्यासनावर तर फ्रान्चेस्का कासिओ ही धृपद शिकलेली इटालियन गायिका आली.

साज परत आले तसे दोन जुने प्रश्नही परत आले आहेत. हे साज शिकवणाऱ्या वर्गांत मुली आहेत आणि त्या उत्तम वाजवतात. दरबार साहिबच्या आत बसून कीर्तन करण्याची सेवा स्त्रियांना अजून मिळालेली नाही. ती मिळावी असा ठराव पंजाब विधानसभेने नोव्हेंबर २०१९मध्ये, नानकांच्या ५५०व्या प्रकाशपर्वाच्या, म्हणजे जयंतीच्या, सुमारास केला होता. आणि दुसरा प्रश्न रबाब्यांच्या वंशजांचा. फिरंदांचा रबाब पुन्हा घडवता आला, रहत मर्यादेतलं ते कलम मात्र जसंच्या तसं आहे आणि त्या कलमाप्रमाणे आज भाई मर्दानांनाही संगतीत कीर्तनाला बसता येणार नाही.