पवळाबाई हिवरगावकर : नकार पैशाला की बाईला?

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे गाव मी शिकवतो त्या कॉलेजपासून फार लांब नाही. असे असूनही लोकसाहित्याच्या तासाला पवळा भालेराव हे नाव मी कित्येक वर्षे उच्चारलेच नव्हते. ते नाव माझ्यासमोर आले ते आडवाटेने, एका अमेरिकन निग्रो बाईमुळे. (तेव्हाच्या पुस्तकांतला हा शब्द आज कोणी वापरत नाही, कृष्णवर्णीय म्हणू.) एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक जुने चित्रण दाखवले. १९६४ साल, इंग्लंडमधील मँचेस्टरचे एक बंद पडलेले रेल्वे स्टेशन, ओला फलाट. अंगात जाड कोट आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून एक प्रौढ बाई गात आहेत, आणि समोरच्या फलाटावर बसलेली गोरी तरुण पोरे टाळ्या पिटत आहेत. विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्यात अशी कुणी बाई होऊन गेली का?" मी गप्प राहिलो.

त्या बाई म्हणजे सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लँट या गावी. आई चर्चमध्ये गाणारी. पोरीने लहानपणीच गिटार हाती घेतली. १९३८ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये गायल्या आणि त्याच वर्षी डेक्का कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. देवाचे गाणे दारूच्या गुत्त्यात नेले म्हणून त्यांच्याच चर्चची माणसे संतापली. गोऱ्यांना त्यांचे गाणे हवे होते, पण दौऱ्यावर असताना हॉटेलात खोली मिळत नसे, बसमध्ये झोपावे लागे. कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांना बाजारात 'रेस रेकॉर्ड्स' असे नाव होते. म्हणजे गाण्यांचाही महारवाडा! ब्लूजचे दुःख आणि चर्चचा आवेश त्यांनी विजेच्या गिटारीवर एकत्र आणला, आणि पुढे रॉक म्हणून जे जगभर विकले गेले त्याचा एक झरा तिथे आहे. एल्विस प्रेस्ली या गोऱ्या गायकाला रॉकच्या मानाच्या दालनात १९८६ साली, अगदी पहिल्या पंगतीत जागा मिळाली. रोझेटाबाईंना २०१८ साली. १९७३ मध्ये त्या वारल्या, तेव्हापासून सुमारे पस्तीस वर्षे त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

हे वाचल्यावर मी हिवरगावकडे वळलो. पवळाबाई महार कुटुंबातल्या. त्यांना खंडोबाला मुरळी म्हणून सोडले होते असे सांगतात. तमाशात तोवर बाईचे काम नाच्या पोऱ्या करी. फडावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांच्या फडात त्या आल्या आणि या जोडीने मुंबईपर्यंत महाराष्ट्र वेडा केला. बापूरावांनी तमाशासाठी जात सोडली याचे कौतुक आजही होते. ते मोठे कवी होते यात वाद नाही. पण सोडता येईल अशी जात त्यांच्याजवळ होती, हे कोणी बोलत नाही. पवळाबाईंनी काय सोडायचे? लावणीच्या शेवटच्या कडव्यात बापूरावांच्या नावाची छाप असे. ती लावणी ज्या गळ्याने लोकांच्या काळजात घातली त्या गळ्याची छाप कुठेच नाही. आपण 'बापूराव' म्हणतो, 'पवळा' म्हणतो. राव येतो, बाई येत नाही. १९३९ साली त्या गेल्या.

आता अवघड प्रश्न. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या सुमारास पठ्ठे बापूराव बाबासाहेबांकडे आले आणि तमाशाच्या खेळांचे उत्पन्न लढ्याला देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य बायकांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको होता. हा नकार योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या व्यवस्थेने महाराच्या पोरीला मुरळी केले, तिचाच पैसा घेऊन त्या व्यवस्थेशी कसे लढणार?

परंतु नकार पैशाला होता. आपण तो बाईला लावला. तमाशाची ढोलकी आणि तुणतुणे आंबेडकरी जलशांनी घेतले, गणगौळण बदलून घेतली, आणि ते उत्तम केले. फक्त ज्या बायकांनी तो मंच कमावला त्यांना दाराबाहेर ठेवले. रोझेटाबाईंच्या चर्चने केले त्याहून हे फार वेगळे नाही. प्रस्थापित समीक्षेने पवळाबाईंना बापूरावांची सावली केले, आणि आपण त्यांना आपल्या अब्रूवरचा डाग मानले. या दोन्हींच्या पलीकडे जाऊन त्यांच्याकडे श्रम करणारी, जातीने आणि बाईपणाने पिळलेली कलावंत म्हणून पाहिले ते प्रा. शैलजा पैक यांनी, 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या इंग्रजी ग्रंथात. कामाला लागले शतक, आणि भाषा इंग्रजी!

मी हे दुसऱ्यांना ऐकवतो आहे असे कोणी समजू नये. माझा आजा एका फडात झीलकरी होता, तुणतुणे वाजवी. हे मला कळले पदवी मिळाल्यावर, तेही चुलत्याकडून. वडिलांना मी विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला शिकवायचं म्हणून तर ते मी कुठं बोललो नाही."

पुढच्या तासाला मी फळ्यावर पवळाबाईंचे नाव लिहिले. विद्यार्थ्याने आणलेले चित्रण आधी लावले, आणि मग हिवरगावबद्दल सांगू लागलो. मागच्या बाकावरची हिवरगावकडचीच एक मुलगी मान खाली घालून बसली होती. तास संपल्यावर ती एकटी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, घरी हे सांगू का?"